चर्चच्या आवारात स्थानिक वनस्पतींची पर्जन्यबाग: पाहणीपासून निगराणीपर्यंत

शहरातल्या जुन्या चर्चचे छप्पर मोठे आणि उभ्या उताराचे असते; एवढ्या छपराचे पाणी खाली आणणारे पाइप मात्र मोजकेच असतात. जोराची सर आली की एकेका पाइपाच्या तोंडातून पाणी उसळून बाहेर पडते, भिंतीलगतची माती खरवडते, फरशीवरून रस्त्याकडे धावते आणि गटारात नाहीसे होते. सांडपाणी आणि पावसाचे पाणी ज्या जुन्या शहरांत एकाच भुयारी वाहिनीतून नेले जाते, तिथे ती वाहिनी तुडुंब भरली की हेच पाणी मैल्यासह नदीत उतरते. हे पाणी आवारातच काही तास अडवून जमिनीत मुरवण्यासाठी केलेला उथळ, खोलगट वाफा म्हणजे पर्जन्यबाग, म्हणजेच रेन गार्डन. ती तळे नव्हे. वर्षातले बहुतेक दिवस ती कोरडीच असते, आणि पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत तिच्यात साचलेले पाणी दिसेनासे झाले पाहिजे.

आज रूढ असलेली ही पद्धत अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत 1990 साली आकाराला आली. सॉमरसेट नावाची वसाहत उभारताना पावसाच्या पाण्यासाठी एकच मोठा तलाव खोदण्याऐवजी प्रत्येक घराच्या आवारात झाडाझुडपांचा खोलगट वाफा करावा, असा विचार विकासक डिक ब्रिंकर यांनी मांडला, आणि काउंटीच्या पर्यावरण विभागातील लॅरी कॉफमन यांनी तो तांत्रिकदृष्ट्या उभा केला. चर्चसारख्या संस्थांना या विषयात रस वाटण्यामागे आता पैशांचेही कारण आहे. फिलाडेल्फियाने 2010 पासून बिगरनिवासी मालमत्तांकडून पावसाच्या पाण्याचे शुल्क पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाच्या हिशेबाने घ्यायला सुरुवात केली. जर्मनीतील अनेक शहरांतही पावसाच्या पाण्याचा आकार सांडपाण्यापासून वेगळा काढून लावला जातो. मोठे छप्पर आणि आठवड्यातून एकदाच भरणारा वाहनतळ असलेल्या संस्थेला असा आकार जड जातो, आणि पाणी जिरवण्याची सोय केल्यास त्यात काही ठिकाणी सूट मिळते. तुमच्या शहरात असा नियम आहे का, हे आधीच विचारून घ्यावे, कारण सूट हवी असेल तर बागेचे मोजमाप त्या नियमाप्रमाणे करावे लागते.

पुष्कळ मंडळी या कामाची सुरुवात फुलांच्या यादीपासून करतात, आणि मग यादीला शोभेल अशी जागा शोधत फिरतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा: आधी पाण्याची वाट, मग माती, मग खड्ड्याचे माप आणि सर्वांत शेवटी झाडे. पुढचे सगळे विवेचन याच क्रमाने केले आहे.

पावसात केलेली पाहणी

पहिले काम छत्री घेऊन आवारात उभे राहण्याचे आहे, आणि ते चांगल्या जोराच्या पावसातच करावे. प्रत्येक पाइपापाशी दोन-तीन मिनिटे थांबून पाहावे. पाइपाच्या तोंडाशी पाणी किती वेगाने येते, ते कोणत्या बाजूला वळते, वाटेत कोणत्या वाहत्या रेघेला मिळते आणि शेवटी कुठे आवाराबाहेर पडते, हे आवाराच्या साध्या नकाशावर बाणांनी मांडावे. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा एक फेरी मारावी. ज्या जागी डबकी तशीच उभी असतात ती जागा पर्जन्यबागेसाठी उत्तम, असे अनेकांना वाटते, पण प्रत्यक्षात तिथे पाणी मुरत नाही म्हणूनच ते साचलेले असते. बाग अशा डबक्याच्या वरच्या अंगाला, उतारावर थोडी आधी घ्यावी, म्हणजे पाणी डबक्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडते.

पाहणीत छपरावरही नजर टाकावी. पन्हळीत पाने अडकून पाणी मधूनच सांडत असेल, तर खाली कितीही सुबक बाग केली तरी तिला पाणी मिळणार नाही. छपरावर तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा असेल, अथवा जोडांवर शिशाच्या पट्ट्या असतील, तर त्या धातूंचा अंश पाण्याबरोबर उतरतो. तो बहुतांशी मातीच्या वरच्या थरात धरला जातो, त्यामुळे बाग करायला आडकाठी नाही. मात्र अशा बागेत भाजी किंवा खाण्याच्या औषधी वनस्पती लावू नयेत.

जागा ठरवताना

इमारतीच्या पायापासून बाग किमान 3 मीटर दूर असावी. चर्चला तळघर किंवा जमिनीखालची थडग्यांची खोली असेल, पाया दगड-चुन्याचा असेल, किंवा आतल्या भिंतींना आधीच ओल धरत असेल, तर हे अंतर आणखी वाढवावे आणि एखाद्या बांधकाम अभियंत्याला जागा दाखवून घ्यावी. जमिनीचा उतार इमारतीपासून दूर जाणारा असला पाहिजे; तो उलटा असेल तर ती जागा सोडून द्यावी. उतार 12 टक्क्यांहून अधिक असेल, म्हणजे 10 मीटर अंतरात जमीन 1.2 मीटरहून जास्त उतरत असेल, तर खालचा बांध फार उंच करावा लागतो आणि तो टिकवणे कठीण जाते.

चर्चच्या आवारात एक प्रश्न असा येतो, जो घराच्या अंगणात येत नाही. जुन्या चर्चभोवतीच्या हिरवळीखाली अनेकदा दफने असतात, आणि वर एकही दगड उरलेला नसतो. नोंदवह्या, जुने नकाशे आणि मंडळीतील वडीलधारी माणसे, या तिन्ही ठिकाणी चौकशी केल्याशिवाय कुदळ मारू नये. शंका राहिली तर दुसरी जागा पाहावी. इमारत वारसा यादीत असेल तर आवारातल्या खोदकामालाही संबंधित खात्याची परवानगी लागू शकते. वीज, गॅस, पाणी आणि दूरध्वनीच्या वाहिन्या कुठून जातात, हे त्या त्या सेवा पुरवणाऱ्यांकडून जमिनीवर आखून घ्यावे.

मोठ्या जुन्या झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली खोदू नये. पोसणारी बारीक मुळे वरच्या फूट-दीड फूट मातीतच पसरलेली असतात; ती तोडली की झाड लगेच वाळत नाही, पण पुढच्या काही वर्षांत शेंड्याकडून सुकत जाते, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. ऊन किती येते हेही पाहावे. दिवसाचे सहा तास ऊन मिळाले तर फुलझाडांची निवड खूप वाढते, पण घंटाघराच्या सावलीत असलेली जागाही बाद करण्याचे कारण नाही. फक्त यादी बदलते.

उरते ती माणसांची ये-जा. लग्नाची मिरवणूक, शवपेटी नेण्याची वाट, चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार, नाताळच्या रात्री आवारात दाटणारी गर्दी, यांपैकी कशाच्याही आड बाग येता कामा नये. लोक वर्षानुवर्षे जी पायवाट वापरतात तिच्यावर बाग केली तर ते बागेतून चालतील, आणि तुडवलेल्या मातीत पाणी मुरत नाही.

परवानगी आणि हात

चर्चची जागा एकाच्या मालकीची नसते. पाळक किंवा धर्मगुरूंचा होकार ही फक्त सुरुवात असते. विश्वस्त मंडळ किंवा चर्च समितीचा ठराव, आणि पुष्कळ ठिकाणी बिशपांच्या कार्यालयाची संमती, असा हा प्रवास असतो. समितीपुढे जाताना दोन कागद पुरेसे होतात: पाण्याच्या बाणांचा नकाशा आणि पहिल्या तीन वर्षांत कोण काय करणार याची यादी. दुसरा कागद पहिल्याहून महत्त्वाचा समजावा. खोदायला आणि रोपे लावायला एका शनिवारी चाळीस माणसे सहज जमतात, पण पुढच्या उन्हाळ्यात तण काढायला कोण येणार, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. समितीचे सदस्य बदलतात, पाळकांची बदली होते आणि बाग पोरकी होते. म्हणून चार-पाच जणांचा कायम गट आधी नावानिशी ठरवावा आणि तो गट जेवढी सांभाळू शकेल तेवढीच बाग करावी. एका पाइपाची छोटी बाग नीट चालली की दुसऱ्या पाइपासाठी पैसे आणि माणसे दोन्ही आपोआप उभी राहतात.

आवाराची निगा एखाद्या कंत्राटदाराकडे असेल तर त्याला या बैठकीत बोलावलेच पाहिजे. गवत कापणाऱ्या माणसाला कोवळी स्थानिक रोपे म्हणजे वाढलेले तणच दिसते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

पाणी मुरते का, याची परीक्षा

बागेसाठी निवडलेल्या जागी साधारण 30 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर खोल खड्डा खणावा. खणताना माती हातात घेऊन पाहावी. ओलसर माती चिमटीत धरून अंगठ्याने पुढे ढकलत तिची पट्टी काढावी. पट्टी निघायच्या आतच माती विस्कटली तर ती वाळूमिश्रित आहे, आणि बोटभर लांब, चकचकीत, न तुटणारी पट्टी निघाली तर ती चिकणमाती आहे. कुदळीने घासून गुळगुळीत झालेल्या खड्ड्याच्या कडा खिळ्याने किंवा पंजाने खरवडून घ्याव्यात, नाहीतर पाणी मातीमुळे अडले की घासलेल्या कडेमुळे, हे कळत नाही.

मग खड्डा पाण्याने काठोकाठ भरून पूर्ण रिकामा होऊ द्यावा. ही भरणी मोजायची नसते. कोरडी माती पहिले पाणी अधाशासारखे शोषते आणि त्यावरून काढलेला आकडा फसवा असतो. लगेच दुसऱ्यांदा भरावे, खड्ड्यात एक पट्टी उभी रोवून पाण्याची पातळी टिपावी आणि दर तासाला पुन्हा वाचावी. पातळी तासाला 25 मिलिमीटर किंवा अधिक उतरली तर जागा चांगली आहे. तासाला 12 ते 13 मिलिमीटर ही साधारण खालची मर्यादा मानली जाते. या वेगाने 15 सेंटिमीटर पाणी सुमारे 12 तासांत जिरते. त्याहून वेग कमी असेल तर बाग उथळ व पसरट करावी, किंवा तळाशी खडी घालून छिद्रांचा निचरा-पाइप टाकावा, किंवा सरळ जागा बदलावी. तिसरा पर्याय बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पडतो. ही परीक्षा पावसाळी दिवसांत, जमीन आधीच भिजलेली असताना घेतली तर आकडा अधिक विश्वासार्ह येतो. विशेषतः मोसमी पावसाच्या प्रदेशांत, जिथे आठवडाभर झड लागते, तिथे कोरड्या महिन्यातल्या परीक्षेवर विसंबू नये.

याच खड्ड्यातली मूठभर माती प्रयोगशाळेत पाठवावी. जुन्या इमारतींवरचा शिशाचा रंग वर्षानुवर्षे खरवडून भिंतीलगतच्या मातीत पडलेला असतो, आणि तिथे लहान मुलांच्या हातून रोपे लावून घ्यायची असतील तर शिशाचे प्रमाण माहीत असलेच पाहिजे. भिंतीच्या दगडांमधल्या सांध्यांतून झिरपलेल्या चुन्यामुळे अशी माती अल्कधर्मीही झालेली असते. त्याचा परिणाम पुढे झाडांच्या निवडीवर होतो.

माप काढणे

हिशेब सोपा आहे. छपराचे क्षेत्रफळ तिरक्या पृष्ठभागाचे न मोजता जमिनीवर पडणाऱ्या सावलीसारखे, म्हणजे आडव्या मापात मोजायचे, कारण पाऊस तेवढ्याच क्षेत्रावर पडतो. समजा, छपराची एक बाजू आडव्या मापात 24 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे. तिचे क्षेत्रफळ 144 चौरस मीटर झाले. त्या बाजूला दोन पाइप असतील तर एका पाइपाच्या वाट्याला 72 चौरस मीटर येतात. या छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला सुमारे दहावा भाग शिंतोडे व बाष्पात गेला असे धरले, तर 72 गुणिले 25 गुणिले 0.9, म्हणजे 1,620 लिटर पाणी खाली येते. बागेत पाणी 15 सेंटिमीटर उभे राहू द्यायचे असेल, तर 1.62 घनमीटर पाण्याला 10.8 चौरस मीटर तळ लागतो. कडांचा उतार धरून 12 चौरस मीटर घ्यावेत. पाऊस पडत असतानाही काही पाणी मुरत असते, ती बचत हिशेबात धरली नाही तर तेवढे माप सुरक्षित बाजूला राहते.

पाण्याची खोली उतारावरून ठरते. जवळजवळ सपाट जागेवर 10 ते 13 सेंटिमीटर, 5 ते 7 टक्के उतारावर 15 ते 18 आणि त्याहून अधिक उतारावर 20 सेंटिमीटरपर्यंत खोली घेता येते. चिकणमातीत उथळच राहावे. खोली वाढवून क्षेत्रफळ वाचवण्याचा मोह होतो, पण 30 सेंटिमीटर पाणी दोन दिवसांत जिरले नाही तर झाडे गुदमरतात. डासांची अंडी प्रौढ डासापर्यंत पोहोचायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे 48 तासांत कोरड्या होणाऱ्या बागेत ती साखळी पूर्ण होत नाही. समितीत हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर तयार ठेवावे.

बागेची लांब बाजू उताराला आडवी घ्यावी. 12 चौरस मीटरसाठी 6 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद, किंचित वाकलेला आकार सोयीचा ठरतो, आणि दोन्ही काठांवरून हात पोहोचत असल्याने तण काढायला आत पाय ठेवावा लागत नाही.

खोदकाम, बांध आणि सांडवा

ओल्या मातीत काम करू नये. फावड्याखाली ओली चिकणमाती सारवल्यासारखी होते आणि तिच्यातली सूक्ष्म छिद्रे बुजतात. यंत्र वापरायचेच असेल तर ते काठावर उभे करून आत फक्त त्याचा हात पोहोचू द्यावा. तळावर चाक फिरले की मुरण्याची क्षमता गेलीच म्हणायची.

आधी दोरी टाकून बाह्यरेषा आखावी, गवत सोलून काढावे आणि मग वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला टाकत तळ आडवा करावा. पातळी तपासायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी सर्वांत उपयोगी पडते. तळ एका कोपऱ्याकडे जरी तीन-चार सेंटिमीटर कलला तरी सगळे पाणी तिथेच साचते, उरलेली बाग तहानलेली राहते आणि त्या कोपऱ्यातली झाडे कुजतात. वरच्या आच्छादनाचा थर 7 सेंटिमीटर धरला तर 15 सेंटिमीटर पाण्यासाठी 22 सेंटिमीटर खोदावे लागते.

निघालेल्या मातीचा खालच्या बाजूला आणि दोन्ही टोकांना बांध घालावा. बांधाची माती थरथराने टाकून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. आतल्या तळावर पाय पडू द्यायचा नाही, पण बांध मात्र जितका दाबावा तितका चांगला. त्याच्या कडा सौम्य उताराच्या ठेवून त्यावर लगेच गवत किंवा दाट मुळांची झुडपे लावावीत.

बांधाला सांडवा ठेवणे विसरू नये. 25 मिलिमीटरचा हिशेब असलेल्या बागेवर कधीतरी 80 मिलिमीटर पाऊस पडणारच, आणि तेव्हा जादा पाणी आपण ठरवलेल्या जागेवरून, आपण ठरवलेल्या दिशेने जायला हवे. बांधाच्या माथ्यात अर्धा मीटर रुंदीची खाच करून तिची उंची पाण्याच्या अपेक्षित पातळीएवढी ठेवावी आणि तिच्यावर व तिच्या खालच्या उतारावर दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे घट्ट अस्तर करावे. सांडव्याचे पाणी इमारतीकडे, शेजाऱ्याच्या भिंतीकडे किंवा पायवाटेवर जाता कामा नये.

पाण्याच्या प्रवेशाकडेही तितकेच लक्ष द्यावे. तासाला 50 मिलिमीटरच्या सरीत आपल्या 72 चौरस मीटर छपरावरून सेकंदाला सुमारे एक लिटर पाणी येते, आणि चर्चचे छप्पर उंच असल्याने ते वेगाने आपटते. पाइपाच्या तळाला कोपर जोडून पाणी बंद नळीतून किंवा दगड लावलेल्या पाटातून बागेपर्यंत न्यावे, जमिनीखालून नेलेल्या नळीला किमान एक टक्का उतार द्यावा, आणि ती बागेत उघडते तिथे मुठीएवढ्या गोट्यांचा पसरट थर द्यावा. हे गोटे मातीत अर्धे रुतवावेत. नुसते पसरले तर पहिल्याच पावसात ते बागेच्या मध्यभागी सापडतात. वाहनतळाचे पाणी घेणार असाल तर आधी दोन-तीन मीटर रुंद गवताची पट्टी ठेवावी, म्हणजे वाळू आणि गाळ तिथेच बसतो. थंड प्रदेशांत बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्या पाण्यात ते मीठ सोसणारी झाडेच टिकतात.

सगळे झाल्यावर, एकही रोप लावण्यापूर्वी, रबरी नळीने किंवा पिंपांनी बाग भरून पाहावी. पाणी सगळीकडे सारखे पसरते का, सांडव्यावरूनच बाहेर पडते का आणि किती तासांत जिरते, हे आत्ता पाहिले तर दुरुस्तीला एक फावडे पुरते.

मातीची तयारी

परीक्षेत पाणी चांगले मुरले असेल तर मातीत फारशी लुडबुड करू नये. वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये 3 ते 5 सेंटिमीटर जाडीचे चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळले की झाले. चिकणमातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण थोड्या वाळूने चिकणमाती मोकळी न होता उलट घट्ट, टणक बनते. सुधारणा करायचीच तर 30 ते 45 सेंटिमीटर माती काढून तिच्या जागी निम्मी ते साठ टक्के जाड वाळू, उरलेल्या भागात चाळलेली माती आणि कंपोस्ट असे मिश्रण भरावे. कंपोस्ट सढळ हाताने घालू नये. जास्तीचे फॉस्फरस आणि नायट्रोजन पाण्याबरोबर खाली झिरपतात, आणि पाणी शुद्ध करायला केलेली बागच ते दूषित करू लागते. रासायनिक खत तर या बागेत कधीच घालू नये.

झाडांची निवड

पर्जन्यबागेतल्या झाडाकडून विचित्र अपेक्षा असते: त्याने दोन दिवस पाण्यात उभे राहावे आणि नंतर तीन आठवडे पाण्यावाचून राहावे. पाणथळ जागेतली बहुतेक झाडे दुसऱ्या कसोटीवर नापास होतात, आणि बागेतली नेहमीची फुलझाडे पहिल्या. दोन्हींत टिकणारी मंडळी हंगामी ओढ्यांच्या काठी, पुराच्या सपाट मैदानात आणि ओलसर कुरणांत सापडतात. आपल्या प्रदेशात अशा जागा कोणत्या आहेत आणि तिथे काय उगवते, हे एखाद्या स्थानिक वनस्पतितज्ज्ञासोबत जाऊन पाहणे ही निवडीची सर्वांत चांगली रीत आहे. पाहावे, टिपावे, पण तिथली रोपे उपटून आणू नयेत.

बागेचे तीन पट्टे कल्पावेत. तळात, जिथे पाणी सर्वांत जास्त वेळ थांबते, तिथे लव्हाळ्याच्या कुळातल्या झुबकेदार वनस्पती आणि ओल सोसणारी बहुवार्षिक फुलझाडे. मधल्या उतारावर दोन्ही परिस्थितींत तग धरणारी गवते आणि फुलझाडे. बांधावर आणि काठावर कोरड्या जागेची झाडे. पूर्व उत्तर अमेरिकेत, जिथे या पद्धतीचा जन्म झाला, तळासाठी आस्क्लेपियास इन्कार्नाटा, आयरिस व्हर्सिकलर आणि लाल फुलांची लोबेलिया कार्डिनालिस लावतात; पहिलीवर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात आणि तिसरीवर हमिंगबर्ड येतात. मधल्या पट्ट्यात पॅनिकम व्हर्गाटम हे उंच गवत आणि काठावर रडबेकिया, एकिनेशिया ही ओळखीची जोडी असते. मोसमी पावसाच्या प्रदेशांत प्रश्न निराळा असतो, कारण तिथे चार महिने ओल आणि आठ महिने कोरड असते. भारतीय उपखंडातला वाळा अशा ठिकाणी आदर्श ठरतो: त्याची मुळे तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात, मातीत पाण्याला वाट करतात आणि बांधही धरून ठेवतात. पावसाळ्यात उगवून नंतर जमिनीखाली विसावणारी रानहळदीसारखी झाडे सावलीच्या काठाला चांगली शोभतात. मात्र त्यांची जागा खुणेने दाखवून ठेवावी, म्हणजे कोरड्या महिन्यांत तिथे कोणी खणत नाही. अर्जुन, जांभूळ, करंज ही ओढ्याकाठची झाडे आवारात जरूर लावावीत, पण लहान बागेच्या आत आणि नळीजवळ नव्हे.

ओल सोसते एवढ्यावरून परके झाड घेऊ नये. युरोप-आशियातून आलेल्या लिथ्रम सॅलिकारिया या जांभळ्या फुलांच्या वनस्पतीने उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जागा व्यापल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या जलपर्णीने आशिया-आफ्रिकेतली तळी. दोन्ही वनस्पती शोभेसाठीही हौसेने नेल्या गेल्या होत्या. पर्जन्यबागेच्या सांडव्यातून बी सरळ नाल्यात आणि नदीत पोहोचते, म्हणून इथे ही काळजी साध्या बागेपेक्षा जास्त घ्यावी. रोपवाटिकेत स्थानिक जातींचेच दुहेरी पाकळ्यांचे संकरित वाण मिळतात; त्यांत मध आणि पराग सहसा कमी असतो किंवा कीटकांना तिथपर्यंत पोहोचता येत नाही. साध्या फुलांचे रोप घ्यावे आणि ते निओनिकोटिनॉइड वर्गातल्या, म्हणजे झाडात भिनून मधमाश्यांनाही बाधणाऱ्या कीटकनाशकात वाढवलेले नाही ना, हे विचारावे.

जाती थोड्या, पण प्रत्येकीची रोपे भरपूर असावीत. 12 चौरस मीटरसाठी सात-आठ जाती पुरतात आणि त्या पाच-सातच्या गटांनी लावाव्यात. दूरवरून ही बाग मुद्दाम केलेली दिसते, आणि रविवारी उपासनेला येणाऱ्या माणसाला ते दिसणे आवश्यक असते. पुढच्या काठाला बुटक्या गवताची सरळ कड, नीट कापलेली पायवाट आणि एक लहान फलक एवढ्याने रानटी दिसण्याची तक्रार निम्म्याने कमी होते.

लावणीचा दिवस

40 सेंटिमीटर अंतराने एका चौरस मीटरला सहा-सव्वासहा रोपे बसतात, म्हणजे आपल्या बागेला सुमारे 75 रोपे लागतील. मोठ्या कुंड्यांतल्या रोपांपेक्षा लहान, खोल साच्यातली रोपे घ्यावीत. ती स्वस्त असतात आणि लवकर मूळ धरतात. लावणी सौम्य हवामानाच्या, पण अतिवृष्टीच्या नसलेल्या काळात करावी. रोपे मूळ धरेपर्यंत, म्हणजे पहिले काही आठवडे, छपराचे पाणी बागेबाहेर वळवून ठेवणे शहाणपणाचे आहे.

आधी सगळी रोपे कुंडीसकट मांडून पाहावीत, मग लावावीत. लावताना आत चालायला फळ्या टाकाव्यात, म्हणजे वजन विभागले जाते. गुंडाळलेली मुळे बोटांनी मोकळी करून रोप पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावे. वरून 5 ते 7 सेंटिमीटर जाडीचे, तंतुमय रीतीने कुटलेले लाकडाचे आच्छादन पसरावे. लाकडाचे चौकोनी तुकडे वापरू नयेत. ते पाण्यावर तरंगतात आणि सांडव्यात जाऊन अडकतात. आच्छादन रोपाच्या बुंध्याला टेकू देऊ नये.

पहिली तीन वर्षे

पहिल्या हंगामात पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला 25 मिलिमीटरएवढे, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर पाणी द्यावे, आणि ते रोज थोडे देण्याऐवजी एक-दोनदा भरपूर द्यावे. स्थानिक झाडांना पाणी लागत नाही, हे मूळ खोल गेल्यानंतरचे खरे आहे. तण दर दोन आठवड्यांनी, लहान असतानाच हाताने काढावे. नव्या सदस्यांना रोप आणि तण यांतला फरक कळावा म्हणून प्रत्येक जातीच्या कोवळ्या पानांची छायाचित्रे अवजारांच्या खोलीत लावून ठेवावीत. दुसऱ्या वर्षीही तण भरपूर येते. तिसऱ्या वर्षी झाडे एकमेकांना भिडतात आणि काम खूपच कमी होते. आच्छादन त्यानंतर फक्त उघड्या पडलेल्या जागी टाकावे.

प्रत्येक मोठ्या पावसानंतर कोणीतरी तीन ठिकाणे पाहावीत: प्रवेशाचे गोटे, बांध आणि सांडवा. पाने आणि कचरा काढावा, वाहून गेलेले दगड परत बसवावेत. पाणी जिरायला 48 तासांहून जास्त वेळ लागू लागला, तर बहुधा प्रवेशाजवळ बारीक गाळाचा पापुद्रा बसलेला असतो. तो दोन-तीन सेंटिमीटर खरवडून काढला की वेग परत येतो.

सुकलेली खोडे हंगाम संपताच कापू नयेत. बियांवर पक्षी येतात आणि पोकळ देठांत पोळे न करता एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. नवी वाढ सुरू होण्याच्या थोडे आधी खोडे जमिनीपासून 30 ते 40 सेंटिमीटर उंचीवर छाटावीत आणि ते खुंट तसेच ठेवावेत. नवी पाने त्यांना लवकरच झाकतात. चौथ्या-पाचव्या वर्षी गवतांचे आणि लव्हाळ्यांचे झुबके मध्यातून विरळ होऊ लागतात. ते उपटून तीन-चार भागांत फोडावेत, त्यातले दाट मुळांचे भाग परत लावावेत आणि उरलेले ओलसर गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत. दुसऱ्या पाइपाच्या बागेचा तळ पातळीत तयार झालेला असेल, तर तिच्या निम्म्या रोपांची सोय याच कामात होते.